प्रतिपादनाची पारख

एखादा निबंध वाचून झाला, अथवा व्याख्यान ऐकून आपण गोदाकाठावरून घराकडे निघालो, की सोबतच्या माणसाला आपण बहुधा दोनच गोष्टी सांगतो : ‘पटले’ किंवा ‘पटले नाही’. यात निबंधाविषयी काहीच सांगितलेले नसते. सांगितलेले असते ते आपल्याविषयी. आपले मत आधीपासून काय होते, लेखक आपल्या बाजूचा की पलीकडचा, एवढाच खुलासा त्यातून होतो. बाजार समितीत कोणी शेतकऱ्याचे तोंड पाहून गव्हाचा भाव ठरवू लागला तर आपण त्याला हसू. विचारांच्या बाजारात मात्र आपण सर्रास तोंड पाहूनच मालाची किंमत करतो.

कामगार चळवळीत काम करणाऱ्याला ही सवय फार महाग पडते. मालकाकडून आलेला खुलासा ‘साफ खोटा’ म्हणून भिरकावून देणे सोपे असते; गेटसभेत त्यावर टाळ्याही पडतात. पण तोच कागद पुढे लवादासमोर जातो, त्यातले एखादे कलम खरे निघते, आणि त्याला उत्तर तयार नसते. उलटपक्षी आपल्याच मागणीपत्रकातला एखादा आकडा पोकळ असतो. आपल्या माणसांना तो दिसत नाही, कारण तो आपला असतो. मालकाच्या वकिलाला मात्र तो पहिल्याच वाचनात दिसतो. जे पटते ते अधिक कसून तपासावे आणि जे पटत नाही ते अधिक सावकाश वाचावे, हा नियम आम्ही कोणत्या शाळेत नव्हे, तर याच कामात शिकलो.

मत पटवून देण्यासाठी लिहिलेल्या निबंधाचे बळ कशात असते आणि त्याची उणीव कोठे शोधावी, हे कोरड्या व्याख्या देऊन सांगण्यापेक्षा एक खरा निबंध समोर ठेवून सांगणे बरे. निबंध असा हवा, की ज्यात आपणा सर्वांचे काही गुंतलेले आहे. आणि ज्यावर त्याच काळी एका मोठ्या माणसाने लेखी आक्षेप घेतले व लेखकाने त्यांना लेखी उत्तर दिले. असा एक निबंध आहे, आणि त्याची पाळेमुळे आपल्या नाशिक जिल्ह्यात आहेत. तो म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा १९३६ सालचा ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’, म्हणजेच जातिनिर्मूलनावरचा निबंध.

त्याची हकीकत थोडक्यात अशी. पंचवटीतील काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. वर्षानुवर्षे तो चालला आणि दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी जाहीर केले, की हिंदू म्हणून जन्म घेणे हातात नव्हते, पण हिंदू म्हणून आपण मरणार नाही. त्यानंतर लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांना दिले. मंडळ सवर्ण हिंदू सुधारकांचे होते. भाषण आधी लिहून झाले. ते मंडळाच्या हाती पडले. काही भाग, विशेषतः वेदशास्त्रांच्या प्रामाण्यावरचा भाग, गाळावा अशी सूचना आली. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला. परिषद रद्द झाली. न झालेले ते भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले, प्रती काढल्या पंधराशे. गांधीजींनी जुलै १९३६ मध्ये आपल्या ‘हरिजन’ पत्रात त्यावर लिहिले, आणि १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधीजींचे ते लेख आणि त्यांना दिलेले उत्तर दोन्ही छापले.

आता पारख सुरू करू. पहिली कसोटी अशी, की निबंधाचे म्हणणे नेमके काय आहे आणि ते कोणाला उद्देशून आहे, हे आपल्याला आपल्या शब्दांत सांगता येते काय? ज्या निबंधाचे म्हणणे चार-सहा वाक्यांत सांगता येत नाही, त्यात बहुधा म्हणणे नसतेच, नुसता आवेश असतो. या निबंधाचे म्हणणे सांगता येते. जातींनी हिंदू समाजाची हानी केली आहे. चातुर्वर्ण्याच्या पायावर त्याची पुन्हा उभारणी करणे अशक्य आहे, आणि शक्य असले तरी अपायकारक आहे. समाजाची रचना स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांवर झाली पाहिजे. त्यासाठी जातीमागचे धार्मिक पावित्र्य नष्ट झाले पाहिजे. आणि ते पावित्र्य शास्त्रांच्या प्रामाण्यावर उभे असल्याने ते प्रामाण्यच नाकारले पाहिजे. पायऱ्या स्पष्ट आहेत, आणि एक पायरी दुसरीवर उभी आहे.

‘कोणाला उद्देशून’ हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. श्रोते होते जात मोडू इच्छिणारे, पण वेदांना मानणारे सवर्ण सुधारक. अशा लोकांना सहभोजनाचे गोडवे सांगून टाळ्या मिळवणे सोपे होते. लेखकाने त्यांच्याच अंगणातली सर्वांत अवघड गोष्ट त्यांच्यासमोर ठेवली. हे निबंधाचे मोठे बळ. परंतु त्याच भाषणात लेखक हेही सांगतो, की आपण तुमच्या धर्मातून बाहेर पडण्याचे ठरवले आहे. तेव्हा श्रोत्याच्या मनात सहजच येते, की जाणाऱ्याने राहणाऱ्याला घर कसे बांधावे हे का सांगावे? लेखकाने स्वतःचा निर्णय लपवला नाही, हे त्याच्या सचोटीचे लक्षण आहे. पण पटवून देण्याच्या दृष्टीने पाहिले तर त्याने आपली वाट स्वतःच चढणीची करून घेतली, हेही नोंदवले पाहिजे.

दुसरी कसोटी पुराव्याची. निबंधात विधाने किती आणि त्यांना टेकू किती? जातीचा जुलूम होतो, असे नुसते म्हणून बाबासाहेब थांबत नाहीत. इंदूर संस्थानातल्या बलाई लोकांवर सवर्णांनी लादलेल्या अटी ते एकेक करून देतात : जरीकाठी पागोटे घालू नये, रंगीत काठांचे धोतर नेसू नये, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत. ही बातमी जानेवारी १९२८ च्या वर्तमानपत्रात आली होती, हेही ते सांगतात. जयपूर संस्थानातल्या चकवारा गावी अस्पृश्यांनी जेवणावळीत तूप वाढले म्हणून लाठ्या घेऊन जमाव धावून आला, ही घटना तर भाषण लिहिले त्याच सालची, १९३६ ची. गाव, साल, कारण, सारे समोर आहे. ज्याला खोटे ठरवायचे असेल त्याने त्या गावी जाऊन चौकशी करावी. खऱ्या पुराव्याची हीच खूण, की तो विरोधकालाही तपासता येतो.

पण याच निबंधात टेकू न दिलेले विधानही सापडते. जातीमुळे रक्त शुद्ध राहते आणि वंश सुधारतो, या मताचे खंडन करताना लेखक म्हणतो, की तसे असते तर हिंदू शरीराने धडधाकट झाले असते. प्रत्यक्षात ते खुजे आणि दुबळे आहेत, आणि दहांपैकी नऊ जण सैन्यभरतीला अपात्र ठरतात. प्रतिपक्षाला त्याच्याच शब्दांत पकडण्याचा हा डाव चपखल आहे. परंतु माणूस खुजा का राहतो? पोटाला अपुरे अन्न, हिवताप, लहान वयातली बाळंतपणे, अशी अनेक कारणे आहेत. ती बाजूला सारून जातीकडे बोट दाखवणे हा पुरावा नव्हे, टोमणा झाला. बलाईंच्या हकिकतीला जे वजन आहे ते या वाक्याला नाही. एकाच लेखकाच्या एकाच निबंधात दोन वजनांची विधाने असू शकतात. पारख करणाऱ्याने ती वेगवेगळ्या पारड्यांत टाकली पाहिजेत.

तिसरी कसोटी आम्ही सर्वांत मोठी मानतो. प्रतिपक्षाचे म्हणणे निबंधात आले आहे काय, आणि आले असेल तर त्याच्या दुबळ्या रूपात की बळकट रूपात? पुष्कळ निबंध कागदी पहिलवान उभा करून त्याला चीत करतात. बाबासाहेब मात्र एकामागून एक खरे प्रतिपक्षी घेतात : आधी राजकीय स्वराज्य, मग समाजसुधारणा असे म्हणणारे, जात म्हणजे श्रमविभागणीच आहे असे म्हणणारे, वंशशुद्धीवाले, गुणकर्मावरचे चातुर्वर्ण्य मागणारे, आणि समाजवादी.

हा शेवटचा प्रतिपक्ष म्हणजे आमच्यासारखे युनियनवाले. तेव्हा आपल्याच विरुद्ध लिहिलेल्या भागावर कसोटी लावून पाहावी, म्हणजे कसोटीही तपासली जाईल. समाजवाद्यांचे म्हणणे असे, की सत्तेचे मूळ पैशात आहे. मालमत्तेची वाटणी बदलली की बाकीचे आपोआप बदलेल. यावर बाबासाहेब विचारतात, की मग लक्षाधीश माणूस कफल्लक साधूच्या पाया का पडतो? धर्म आणि सामाजिक प्रतिष्ठा याही सत्ताच आहेत. क्रांती झाल्यावर आपल्याला समान वागवले जाईल याची खात्री नसेल, तर खालच्या जातीचा कामगार वरच्या जातीच्या कामगाराबरोबर क्रांतीला का येईल? जातिव्यवस्था कामाची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्यांचीच उतरत्या पायऱ्यांवर वाटणी करते, असा त्यांचा सिद्धान्त आहे.

यावर आमच्या बाजूने काय म्हणता येईल? एक उत्तर भक्कम आहे. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांचा संप सहा महिने टिकला. सर्व जातींचे कामगार बाहेर राहिले, उपाशी राहिले. पुढे ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध खुद्द बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून संप केला. म्हणजे जाती असूनही कामगार एकत्र येऊ शकतात. निबंधातल्या शंकेला ही मर्यादा घातली पाहिजे.

पण एवढ्यावर ‘जिंकलो’ म्हणून उठता येत नाही. त्याच गिरण्यांत अस्पृश्यांना विणाई खात्यात घेत नसत. कांडी संपली की धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकर तोंडाला लावायला तयार नव्हता. विणाईची मजुरी चांगली. ती त्यांना बंद. १९२८ च्या संपात हा प्रश्न बाबासाहेबांनी पुढाऱ्यांपुढे मांडला. ही अट मालकाने एकट्याने घातलेली नव्हती. ती सोबतच्या कामगारांची होती. तेव्हा आमचे उत्तर असे होते : संप एक झाला, पण खाते एक झाले नाही. आणि निबंधाचा प्रश्न संपाविषयी नव्हताच, तो समतेविषयी होता. म्हणून या भागात लेखकाने कामगारांच्या एकजुटीची शक्यता कमी लेखली असली, तरी त्याचा मूळ मुद्दा आमच्या उत्तराने हलत नाही. फेब्रुवारी १९३८ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, मनमाडला, रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आणि ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता व बंधुता नाकारणारी वृत्ती, असा खुलासाही केला. निबंधातला विचार कामगारांच्या भाषेत असा उतरला.

चौथी कसोटी उपायाची. रोग सांगणे एक, औषध सांगणे दुसरे. सहभोजनाने जात मोडत नाही, असे निबंध सांगतो. आंतरजातीय विवाहाने मोडेल. पण लोक तसे विवाह करीत नाहीत, कारण त्यांची शास्त्रांवर श्रद्धा आहे. म्हणून ती श्रद्धा घालवा. येथवर विचाराचा धागा तुटत नाही. पुढे पुरोहितपण वंशपरंपरेने नको, परीक्षा देऊन सनद घेतलेल्यालाच पौरोहित्य करू द्यावे, पुरोहितांची संख्या कायद्याने ठरवावी, अशा सूचनाही आहेत. परंतु कोट्यवधी लोकांची श्रद्धा घालवायची कोणी आणि कोणत्या मार्गाने, याचे उत्तर निबंधात तोकडे आहे. बुद्धिजीवी वर्ग पुढाकार घेणार नाही, आणि काम जवळजवळ अशक्य आहे, असे लेखकच म्हणतो. ज्याला पटवायचे त्याच्या हाती शेवटी काम कमी आणि निराशा जास्त येते. निबंधाची ही खरी उणीव आहे. मात्र उपाय अवघड आहे म्हणून निदान चुकले, असे कोणी म्हणू नये.

आता गांधीजींच्या परीक्षणाकडे वळू, कारण परीक्षणाचीही पारख करावी लागते. गांधीजींनी प्रथम केले ते कोणत्याही परीक्षकाने शिकण्यासारखे आहे. कोणत्याही सुधारकाला या भाषणाकडे दुर्लक्ष करता येणार नाही, असे त्यांनी मान्य केले, आणि आठ आणे किंमत जास्त आहे, ती दोन किंवा फार तर चार आणे करावी असे सुचवले. ज्याच्याशी मतभेद आहे त्याचे पुस्तक अधिक लोकांनी वाचावे, अशी ही इच्छा आहे.

त्यांचे आक्षेप मुख्यतः तीन. लेखकाने आधाराला घेतलेली शास्त्रवचने सर्वच अधिकृत मानता येत नाहीत. जातीचा धर्माशी संबंध नाही, आणि वर्णधर्म ही जातीहून वेगळी गोष्ट आहे : पूर्वजांचा व्यवसाय करून पोट भरावे, आणि कोणताही व्यवसाय उच्च वा नीच नाही. तिसरा असा, की धर्माची परीक्षा त्याच्या वाईट नमुन्यांवरून नव्हे, तर ज्ञानदेव, तुकाराम, चैतन्य, विवेकानंद अशा उत्तम नमुन्यांवरून करावी.

यातला पहिला आक्षेप योग्य जातीचा आहे, कारण तो पुराव्याला हात घालतो. बाबासाहेबांनी त्याला दुहेरी उत्तर दिले : वचने लोकमान्य टिळकांच्या लेखनातून घेतली आहेत, आणि ती अस्सल की प्रक्षिप्त हा फरक सामान्य माणसाला ठाऊकच नाही, त्याला जे शिकवले गेले तेच त्याचे शास्त्र. दुसऱ्या उत्तराने आक्षेपाची धार जाते, कारण निबंधाचा विषय ग्रंथ नसून लोकांची श्रद्धा आहे. दुसऱ्या आक्षेपावर त्यांनी विचारले, की स्वतः महात्माजींनी वाण्याचा वंशपरंपरागत व्यवसाय सोडून वकिली का धरली? हा प्रश्न व्यक्तीवर रोखलेला दिसतो. परंतु ज्याने नियम सांगितला त्यालाच तो पाळता आला नाही, हे नियमाच्या व्यवहार्यतेविरुद्ध पुरावा म्हणून चालते. गांधीजी वाईट माणूस आहेत असे त्यातून काढले असते, तर मात्र तो कुतर्क झाला असता. व्यक्तीवरचा प्रत्येक शब्द त्याज्य नसतो. तो मुद्द्याला लागतो की नुसता माणसाला, एवढे पाहावे.

तिसऱ्या आक्षेपावरचे उत्तर बिनतोड आहे : उत्तम नमुन्यांवरून परीक्षा करू, पण उत्तम इतके थोडे आणि वाईट इतके पुष्कळ का, हा प्रश्न राहतोच. मात्र याच ठिकाणी बाबासाहेब असेही लिहितात, की आपल्या अभ्यासाप्रमाणे संतांनी जातीविरुद्ध मोहीम कधी चालवली नाही. ‘कधी नाही’, ‘एकही नाही’, ‘सर्वच’ असे शब्द दिसले की वाचकाने थांबावे. एक उलट उदाहरण अशा विधानाला पुरते. बाराव्या शतकात कल्याणच्या बसवेश्वरांच्या चळवळीत ब्राह्मण आणि चर्मकार कुटुंबांत विवाह झाल्याची परंपरा लिंगायत समाज आजही सांगतो. ‘आपल्या अभ्यासाप्रमाणे’ ही पुस्ती लेखकाने जोडली म्हणून विधान सावरते, पण सैल राहते.

असे गुण-दोष मोजून झाल्यावर निकाल कसा द्यावा? दोन बाजूंना खुणा करून बेरीज-वजाबाकी करणे ही पोरकट रीत आहे. जुन्या वाड्याचे उदाहरण घ्यावे. भिंतीतली वीट निघाली तर गिलावा करून भागते. तुळई मोडली तर माळवद खाली येते. म्हणून दोष सापडला की पुढचा प्रश्न विचारावा : ही वीट आहे की तुळई? सैन्यभरतीचे वाक्य काढून टाकले तरी निबंध उभा राहतो, ती वीट. संतांविषयीचे विधान सैल केले तरी तो उभा राहतो, तीही वीट. उपायाचा तोकडेपणा त्याहून मोठा, पण तो न बांधलेल्या मजल्याचा दोष आहे, खालच्या तुळईचा नव्हे. आणि तुळई कोणती? जात लोकांच्या श्रद्धेवर उभी आहे, ही. तिला गांधीजींचे लेख लागत नाहीत. बाबासाहेबांनी उत्तरात तक्रार केली ती नेमकी हीच : आपले सहा मुद्दे क्रमाने मांडून ते म्हणाले, की महात्माजींच्या आक्षेपांत मुख्य म्हणणे बाजूलाच राहिले आहे.

परीक्षकाची सर्वांत मोठी चूक हीच असते. तो विटा मोजत बसतो आणि वाडा पडला असे जाहीर करतो. याच्या उलट, भक्ताची चूक अशी, की तुळई शाबूत आहे म्हणून तो एकही वीट सैल असल्याचे कबूल करीत नाही. दोघेही निबंध वाचत नाहीत.

हे सारे आज सांगण्याचे कारण आहे. पूर्वी गेटवर हँडबिल मिळे, ते दोनदा वाचायला वेळ असे. आज हातातल्या फोनवर दिवसाकाठी शंभर प्रतिपादने येऊन पडतात, आणि प्रत्येक जण ते न तोलताच पुढे ढकलतो. ज्यांची मजुरी, ज्यांचा पाणवठा, ज्यांचे विणाई खाते कोणाच्या तरी युक्तिवादावर अवलंबून असते, त्यांना हा निष्काळजीपणा परवडत नाही. चुकीचा युक्तिवाद मान्य केल्याची किंमत तो करणाऱ्याला क्वचितच मोजावी लागते. ती खालच्या पायरीवरच्या माणसाला मोजावी लागते.

म्हणून आमची श्रोत्यांना एक विनंती आहे. १९३७ च्या आवृत्तीप्रमाणे निबंध, आक्षेप आणि उत्तर ही तिन्ही एकत्र छापलेली पुस्तके आज मराठीतही मिळतात. ती घरी आणावीत. आपण ज्या बाजूचे असू, तिच्या विरुद्ध बाजूचे प्रकरण आधी वाचावे, आणि त्यातला सर्वांत बळकट मुद्दा आपल्या हाताने कागदावर लिहावा. मग आपल्या बाजूचे प्रकरण वाचून त्यातली सर्वांत सैल वीट त्याच्याखाली लिहावी. या दोन ओळी प्रामाणिकपणे लिहिता आल्या, तर ‘पटले’ किंवा ‘पटले नाही’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला मिळाला असे खुशाल समजावे.